एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) दरवर्षी भांडणात संपते, आता वॉटरप्रूफिंगचे ३७ लाख कसे उभे करायचे?

चौथा_मजला_पुणे

नमस्कार मंडळी. पुण्यात सिंहगड रोडला आमची ४८ फ्लॅटची सोसायटी आहे, २००३ चं बांधकाम, दोन विंग, २४ वन बीएचके (५५० स्क्वेअर फूट) आणि २४ टू बीएचके (८५०). मी यंदा कमिटीत आलोय. आलोय म्हणजे काय, कोणी उभंच राहत नव्हतं, शेजारच्या काकांनी माझं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, झालं.

टेरेसचं वॉटरप्रूफिंग पार गेलंय. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात बादल्या लावायची वेळ येते, बाहेरचं प्लास्टर दोन ठिकाणी सुटून खाली पडलंय, नशीब तेव्हा खाली कोणी नव्हतं. स्ट्रक्चरल ऑडिट झालंय, रिपोर्ट हातात आहे, तीन कोटेशन आलीत आणि त्यातलं सगळ्यात कमी ३७ लाखांचं आहे. टेरेस, बाहेरचं प्लास्टर, क्रॅक भरणं, पेंट असं सगळं धरून. आमच्याकडे रिपेअर फंडात आहेत ३ लाख ४० हजार, आणि सिंकिंग फंडाची (म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या निधीची) एफडी साधारण ११ लाखांची, कारण पहिल्यापासून महिन्याला फ्लॅटमागे ५० रुपये घेत आलेत आणि कोणी कधी विचारलंच नाही की ५० कुठून आले.

आता मागच्या एजीएमची गोष्ट ऐका. नोटिशीत वेळ सकाळी १०, साडेदहापर्यंत डझनभर लोक, मग कोरम (किमान हजेरी) नाही म्हणून तहकूब, अकराला परत सुरू, तोपर्यंत आले कसेबसे सतरा. पहिला तास गेला पार्किंगमध्ये कोणाची स्कूटर कोणाच्या जागेवर लागते यात, मग कुत्रा लिफ्टमधून न्यायचा की जिन्याने, मग वॉचमन दुपारी झोपतो, आणि पावणेएक वाजता लोकांना जेवायला जायची घाई सुटल्यावर सेक्रेटरी उठून म्हणाले ३७ लाख लागणारेत, मंजूर का? जो काय गोंधळ झाला! एक जण म्हणे माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, टेरेस गळो नाहीतर राहो. शेवटी 'पुढच्या वर्षी बघू' यावर चहा घेऊन सगळे घरी.

तर प्रश्न असे की तुमच्याकडे मीटिंग कशा चालवतात, पैसे समान काढतात की फ्लॅटच्या साइजवर, सिंकिंग फंड मोडता येतो का, जे मालक परदेशात किंवा बंगलोरला आहेत त्यांचं काय करता, आणि एक गट म्हणतोय आता सबसिडी आहे तर सोलरपण याच झटक्यात करून घ्या, ते खरंच शहाणपणाचं आहे का. कायदा माहीत असणाऱ्यांनी सांगा, आणि ज्यांनी हे प्रत्यक्ष निस्तरलंय त्यांनी तर नक्कीच सांगा.

ठाण्याचा_माजी_सेक्रेटरी

तुमची अडचण पैशांची नाहीये, पावणेएकची आहे. मी ठाण्यात बरीच वर्षं सेक्रेटरी होतो आणि आमच्याकडेही मोठं रिपेअर झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, एवढा मोठा खर्च एजीएममध्ये घुसडूच नका. एजीएमचा अजेंडा ठरलेला असतो, मागचं इतिवृत्त, वार्षिक अहवाल, ताळेबंद, ऑडिटरची नेमणूक, आणि ती आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, त्यामुळे ती सगळेच उरकतात. वर्षभर साठलेली प्रत्येकाची तक्रार त्याच दिवशी बाहेर पडते. त्यापेक्षा विशेष सर्वसाधारण सभा बोलवा, विषय फक्त एक, मेजर रिपेअर. एजीएमला १४ पूर्ण दिवसांची नोटीस लागते, विशेष सभेला ५ पूर्ण दिवस पुरतात (पूर्ण म्हणजे नोटीस दिलेला दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून), पण तुम्ही ५ वर थांबू नका, पंधरा-वीस दिवस द्या, लोकांना घरात बोलायला वेळ मिळतो. ३७ लाखांचा निर्णय नवराबायकोत आधी होतो, सभेत नंतर.

दुसरं, तुमच्या सेक्रेटरींनी तो विषय 'आयत्या वेळचे विषय' मध्ये आणला असणार. तिथे अध्यक्षांच्या परवानगीने किरकोळ गोष्टी घेता येतात, ज्याला रीतसर नोटीस लागते ते नाही. समजा त्या दिवशी टाळ्या पडून मंजूर झालं असतं तरी एखाद्याने उपनिबंधकांकडे (सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांकडे) अर्ज केला असता आणि बसला असतात उत्तरं देत. तेव्हा ते मंजूर झालं नाही हे एका अर्थी बरंच झालं.

कोरमचं गणित: एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातलं जे कमी असेल ते. तुमच्याकडे ४८ म्हणजे दोन तृतीयांश ३२, म्हणून २० पुरे. अर्ध्या तासात वीस झाले नाहीत तर सभा तहकूब, त्याच दिवशी नंतरच्या वेळेला घ्यायची तर ती वेळ नोटिशीतच लिहिलेली हवी, नाहीतर ७ ते ३० दिवसांत कधीतरी. तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे कायद्याने सतरा जणांनी घेतलेला निर्णय ४८ जणांवर बंधनकारक आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की एवढ्या रकमेचा ठराव सतरा जणांवर रेटू नये, उरलेले एकतीस पुढे दोन वर्षं प्रत्येक हप्त्याला 'आम्हाला कोणी विचारलं' म्हणत बसतात आणि वसुली करणारा मरतो. आणि एक लक्षात ठेवा, सभासदांनी स्वतः सह्या करून मागितलेली विशेष सभा (एक पंचमांश सह्या लागतात) कोरम नसेल तर तहकूब होत नाही, रद्दच होते. तुमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी चिडून तो मार्ग घेतला तर त्या दिवशी माणसं आणायची जबाबदारी त्यांचीच.

आता सभेच्या आधीचं काम, हेच खरं काम. आम्ही काय केलं तर दर रविवारी एका मजल्यावरच्या लोकांना वरच्या मजल्यावरच्या एका घरात चहाला बोलावलं. बाकी काही नाही, छत दाखवलं. भिंतीला हात लावून बघा म्हटलं. दुसऱ्या मजल्यावरचा माणूस टेरेसचे पैसे का द्यायचे हे भाषणाने नाही पटत त्याला, ओली भिंत आणि दिसायला लागलेली सळई बघून पटतं. टेरेस ही सोसायटीची सामायिक मालमत्ता आहे, तिची गळती थांबवणं सोसायटीचंच काम, हे बायलॉजमध्ये (सोसायटीच्या नियमावलीत) स्पष्ट आहे. पण बायलॉजचं पान सभेत फडकवलं की लोक अजून चिडतात, ते पान खिशात ठेवा.

नोटिशीबरोबर काय जायला पाहिजे ते सांगतो. ऑडिट रिपोर्टचा एक पानी सारांश मराठीत, तिन्ही कोटेशनचा तक्ता एकाखाली एक, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या सभासदाच्या नावापुढे त्याची रक्कम. '३७ लाख' ऐकून माणूस घाबरतो, 'तुमचे इतके, पाच हप्त्यांत, पहिला ऑक्टोबरमध्ये' असं वाचलं की तो पासबुक काढतो. सभेत कन्सल्टंटला वीस मिनिटं बोलवा, तांत्रिक प्रश्नांना सेक्रेटरीने उत्तर द्यायचंच नाही. ठराव आधीच लिहून आणा, हात वर करायच्या आधी मोठ्याने वाचा, सूचक कोण अनुमोदक कोण ते तिथेच लिहा. इतिवृत्ताचा मसुदा तीन महिन्यांत कमिटीने पक्का करून वाटायचा असा नियम आहे, तुम्ही आठवड्यात वाटा, लोकांना काय ठरलं ते आठवत असतं तेव्हाच.

आणि हो, वेळ. रविवारी सकाळी १० ही वेळ कोणी शोधून काढली माहीत नाही. शनिवारी रात्री साडेआठ ठेवा, जेवून या म्हणावं.

फक्त_वाचतो

सोसायटी विका, गावाला बंगला बांधा. गळेल पण निदान मीटिंग नाही.

वन_बीएचके_म्हणजे_गरीब_नाही

हप्ते वगैरे ठीक आहे पण मूळ मुद्द्यावर या. समान की साइजवर? आमच्या सोसायटीत टू बीएचकेवाले जास्त होते, त्यांनी हात वर करून समान पास करून टाकलं. मी विचारलं की बाहेरची भिंत तुमची जास्त, टेरेसचा हिस्सा कागदोपत्री तुमचा जास्त, उद्या रिडेव्हलपमेंट झालं तर एरिया तुम्हाला जास्त मिळणार, मग खर्चाच्या वेळीच सगळे समान कसे काय? उत्तर नाही. मेंटेनन्स समान असतो म्हणून हेपण समान, एवढंच. ओपीच्या (प्रश्न विचारणाऱ्याच्या) आकड्यांवर करून बघा, रिपेअर फंड वजा करून समान काढले तर प्रत्येकी ७० हजार, साइजवर काढले तर वन बीएचकेला ५५ आणि टू बीएचकेला ८५. पंधरा हजाराचा फरक आहे, पेन्शनवाल्या माणसाला तो छोटा नाही.

हिशोबवाली_डोंबिवली

मी खजिनदार आहे, सलग दुसरी टर्म, सोडायचं म्हटलं तरी कोणी सोडू देत नाही.

वन बीएचके, तुमचं बरोबर आहे. लोक सगळं एकाच मापाने मोजतात आणि तिथेच वाद होतो. मॉडेल बायलॉजमध्ये प्रत्येक प्रकारच्या खर्चाची वाटणी वेगळी दिलीये. सर्व्हिस चार्जेस म्हणजे वॉचमन, सफाई, ऑफिसखर्च हे प्रत्येक फ्लॅटला समान, कारण वॉचमन वन बीएचकेला कमी राखत नाही. लिफ्टचा खर्चही समान, तळमजल्यावाला वापरत नसला तरी. पाणी नळांच्या संख्येवर. इन्शुरन्स क्षेत्रफळावर. आणि मेजर रिपेअरसाठी वेगळा निधी काढायचा असेल तर तो सर्वसाधारण सभेने ठरवायचा आणि क्षेत्रफळाच्या आधारावर. म्हणजे ओपीच्या सोसायटीत ३७ लाखांतून ३ लाख ४० हजार रिपेअर फंडाचे वजा केले की राहिले ३३ लाख ६० हजार, एकूण एरिया ३३,६०० स्क्वेअर फूट, म्हणजे स्क्वेअर फुटाला बरोबर १०० रुपये. इतका सोपा आकडा नशिबाने मिळतो, तोच नोटिशीवर मोठ्या अक्षरात टाका.

सिंकिंग फंडाबद्दल. ५० रुपये ही रक्कम कोणीतरी बिल्डरच्या काळात अंदाजे टाकलेली असते. नियम असा की फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या (जमिनीची किंमत सोडून) वर्षाला किमान ०.२५ टक्का सिंकिंग आणि किमान ०.७५ टक्का रिपेअर फंड. तुमचं बांधकाम समजा तेव्हा ८०० रुपये फुटाने झालं असं धरू, आर्किटेक्टकडून खरा आकडा घ्या, तर ५५० फुटांच्या फ्लॅटचे ४ लाख ४० हजार, त्याचा पाव टक्का ११०० वर्षाला, म्हणजे महिन्याला ९२ च्या आसपास. टू बीएचकेला १४२. रिपेअर फंड याच्या तिप्पट, २७५ आणि ४२५. हे पहिल्यापासून घेतलं असतं तर आज वर्गणी मागायची वेळ फारशी आली नसती. झालं ते झालं, पण या सभेत हा दुसरा ठराव पण घ्या की पुढच्या एप्रिलपासून दर नियमाप्रमाणे. लोक ३७ लाखांनी हबकलेले असतात तेव्हा महिन्याचे तीनशे-चारशे वाढलेले लगेच पास होतात. चालूपणा वाटेल पण मला तरी यात काही गैर दिसत नाही.

सिंकिंग मोडता येतो का तर येतो, पण त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव, हे हेवी रिपेअर आहे असं आर्किटेक्टचं सर्टिफिकेट आणि उपनिबंधकांची आधी परवानगी, तिन्ही पाहिजे. कमिटीने परस्पर एफडी मोडली तर ऑडिटर शेरा मारणार म्हणजे मारणार. माझा सल्ला, त्याला हात लावू नका. इमारत बावीस वर्षांची आहे, अजून दहा वर्षांनी कॉलमचं काम निघालं तर तेव्हा काय?

पैसे गोळा करताना मेंटेनन्सच्या खात्यात मिसळू नका, वेगळं बँक खातं काढा, तीन सह्यांपैकी दोन लागतील असं. दर महिन्याला त्याचं स्टेटमेंट नोटीस बोर्डावर लावा, फ्लॅट नंबरसकट कोणी किती भरले ते. याने जेवढी वसुली होते तेवढी फोन करून होत नाही. कॉन्ट्रॅक्टरला काम होईल तसे पैसे, आणि १० टक्के एक पावसाळा उलटल्यावरच. त्याच्या बिलातून टीडीएस कापायचा आहे हे विसरू नका, व्यक्ती असेल तर १ टक्का, कंपनी-फर्म असेल तर २, त्यासाठी सोसायटीचा टॅन नंबर (कर कापणाऱ्याला आयकर खात्याकडून मिळणारा) लागतो आणि निम्म्या सोसायट्यांकडे तो नसतोच.

परदेशातले मालक म्हणाल तर प्रॉक्सी चालत नाही. भाऊ आला, भाडेकरू आला, तरी मत नाही. शेअर सर्टिफिकेटवर जोडीला नाव असलेली व्यक्ती पहिल्याच्या गैरहजेरीत येऊ शकते, तेवढंच. पण त्यांना नोटीस ईमेलने पाठवा आणि पोच जपून ठेवा. माझा अनुभव विचाराल तर बाहेरचे लोक सगळ्यात आधी भरतात, त्यांना फ्लॅटची किंमत कळते. थकवतात ते इथलेच, आणि बहुतेक वेळा ज्यांच्या दारात दोन गाड्या आहेत ते. आमच्या बायलॉजमध्ये थकबाकीवर जास्तीत जास्त २१ टक्के सरळ व्याज आहे, आणि तरीही दिलं नाही तर उपनिबंधकांकडून वसुली दाखला घेता येतो, पूर्वी सहकार कायद्याचं कलम १०१ म्हणायचे, आता गृहनिर्माण संस्थांसाठी १५४ ब-२९ आहे. वेळ लागतो पण मिळतो. एकदा एकाला मिळाला की बाकीचे आपोआप सरळ येतात.

अजून एक, गणपतीची वर्गणी मेंटेनन्सच्या बिलात टाकून घेत असाल तर ते आधी काढा. ती ऐच्छिकच असते. कोणीतरी नेमका तोच मुद्दा उकरून रिपेअरचा ठराव अडवतो, 'आधी बिलातल्या बेकायदा गोष्टी बंद करा' म्हणून.

चौथा_मजला_पुणे

बाप रे. एवढं अपेक्षित नव्हतं, धन्यवाद. गणपतीची वर्गणी बिलात आहे 😬 (फ्लॅटमागे ५०० ऑगस्टच्या बिलात). टॅन पण नाहीये बहुतेक, विचारतो. सोलरबद्दल कोणी बोलेल का, तो गट फार मागे लागलाय.

पॅनेलवाला_कोल्हापूर

मी बोलतो, आमच्याकडे बसवलंय. कोण्याही परिस्थितीत वॉटरप्रूफिंगच्या आधी नाही आणि सोबतही नाही. पॅनेलचा सांगाडा एकदा स्लॅबवर बसला की त्याखालचं वॉटरप्रूफिंग करताच येत नाही, सगळं उतरवायला लागतंय. आधी टेरेस, एक पावसाळा जाऊ दे, गळत नाही याची खात्री झाली की मग पॅनेल, आणि सांगाड्याला स्लॅबमध्ये भोकं पाडू द्यायची नाहीत, काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर बसवायचा.

सबसिडी खरी आहे. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, त्यात हाउसिंग सोसायटीला सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाडी चार्जिंग, किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. दहा किलोवॅट घेतलं तर १ लाख ८० हजार. घरगुतीला मिळते ती रक्कम वेगळी, तुमचा तो गट कदाचित ती धरून बोलत असेल, तेवढं एकदा तपासा. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं, दहाचं महिन्याला हजार-बाराशे युनिट, पावसाळ्यात कमी. आता कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिलं काढून बघा, तुमचा वापरच महिना पाचशे युनिट असेल तर दहा किलोवॅट कशाला?

मीटिंगच्या दृष्टीने सांगायचं तर दोन्ही विषय एका ठरावात आणू नकोस, भावा. सोलर नको असणारे आणि पेंट नको असणारे वेगवेगळे लोक असतात, दोन्ही जोडलंस की ते एकत्र येतात आणि तुझं दोन्ही पडतंय. आमच्यात तसंच झालतं पहिल्यांदा. नंतर सोलर एकटं आणलं, कॉमन लाइटबिलात महिन्याला किती वाचतील ते दाखवलं, वीस मिनिटांत पास.

बाय द वे पुणे महापालिका सोलर, रेनवॉटर हार्वेस्टिंग, गांडूळखत यांना प्रॉपर्टी टॅक्समध्ये ५ ते १० टक्के सूट देते ना? चौकशी करून नोटिशीत ती पण लिही.

नाशिक_लेआउट

आमची उलटी अडचण आहे, विषय जरा सोडून लिहितोय. नाशिकला प्लॉटचा लेआउट, साठ-सत्तर बंगले, सोसायटी अशी नाहीच, कॉलनीतल्या लोकांचं एक मंडळ आहे आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मेंटेनन्सचं बिल पाठवायचा अधिकार कोणाला नाही. जे होतं ते वर्गणीवर आणि डोळ्याच्या लाजेवर. ओपन स्पेसला जॉगिंग ट्रॅक आणि दिवे करायचेत, कसं करावं? आपसात मागितले तर दहा जण देतात आणि तेच दहा जण दरवेळी.

कर्वेनगरचा_म्हातारा

नाशिककर, लेआउटची ओपन स्पेस महापालिकेच्या नावावर झालीये का ते आधी नगररचना खात्यात बघा. झाली असेल तर तिथे तुम्ही वर्गणी काढायचीच कशाला? नगरसेवक निधी, आमदार निधी, खासदार निधी (खासदाराला वर्षाला ५ कोटी असतात) हा सार्वजनिक जागेसाठीच असतो. सोसायटीच्या कंपाउंडच्या आत तो सहसा घालता येत नाही, बाहेरच्या रस्त्याला, फुटपाथला, ओपन स्पेसला येतो. मागायला जाताना पन्नास सह्यांचं पत्र आणि जागेचा नकाशा न्या, तोंडी सांगून कोणी लिहून घेत नाही. आणि मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवून घ्या, खातं निघतं, हिशोब राहतो, शब्दाला वजन येतं.

पुण्यातल्यांसाठी: आपल्याकडे नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक २००६ पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरायचा, पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं, बसस्टॉपचं शेड, फुटपाथ, दिवे, बाक, ड्रेनेज. पेपरात तारीख येते, दोनेक आठवडे असतात, लोकांना कळेपर्यंत संपतं. मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिवे असेच करून घेतले. सुचवलेलं सगळं होतं असं नाही, बरंच कागदावरच राहतं, पाठपुरावा करायला माझ्यासारखा रिकामा माणूस लागतो. ओपी, तुमच्या गेटबाहेर पाणी साचत असेल तर ते ३७ लाखांत धरू नका, तिथे फॉर्म भरा.

चौथा_मजला_पुणे

गेटबाहेरच्या पेव्हरचे ९० हजार खरंच आहेत कोटेशनमध्ये! काढायला सांगतो, काका. त्यांच्या जागी कॉन्ट्रॅक्टर जिन्यातला पेंट धरायला तयार झाला तर आकडा तोच ठेवतो.

बरं, कमिटीच्या काल रात्रीच्या बैठकीत ठरलं, विशेष सभा शनिवारी रात्री, सोलर वेगळं, वरच्या मजल्यावर चहा पुढच्या रविवारपासून. ठरावाचा मसुदा असा केलाय, बघा जरा:

'संस्थेच्या इमारतीच्या टेरेस वॉटरप्रूफिंग, बाह्य प्लास्टर दुरुस्ती व रंगकामासाठी अंदाजे रु. ३७ लाख खर्चास मंजुरी देण्यात येत आहे. रिपेअर फंडातील रु. ३.४० लाख वापरून उर्वरित रक्कम प्रत्येक सभासदाकडून क्षेत्रफळानुसार रु. १०० प्रति चौ. फूट दराने पाच समान हप्त्यांत घेण्यात यावी. पेन्शनधारक सभासदांना अर्ज केल्यास दहा हप्त्यांची सवलत.'

ठाण्याचा_माजी_सेक्रेटरी

'अंदाजे' काढा, 'जास्तीत जास्त' लिहा. अंदाजे म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला ४५ पर्यंत जायला दार उघडं. वर एक ओळ घाला की यापेक्षा जास्त लागले तर परत सभा. तुमच्या ४८ सभासदांच्या सोसायटीत कमिटीला स्वतःच्या अधिकारात दुरुस्तीवर ५० हजारांपर्यंतच खर्च करता येतो, तेव्हा नंतर वाढीव बिल आलं तर कमिटीचे हात बांधलेले असतात आणि काम अर्ध्यावर थांबतं. कॉन्ट्रॅक्टरचं नाव पण ठरावात पाहिजे, कोणत्या तारखेच्या कोटेशनप्रमाणे ते पण.

हिशोबवाली_डोंबिवली

मसुदा चांगला आहे, पण कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय का? शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'टॅक्सेस एक्स्ट्रा' असतं. १८ टक्के म्हणजे ३७ वर ६ लाख ६६ हजार, तुमच्या स्क्वेअर फुटाला अजून जवळजवळ २० रुपये. १०० सांगून नंतर १२० मागितलेत तर चहा पाजलेले सगळे उलटतील.

आणि याहून किचकट गोष्ट, तुमचा मेंटेनन्स कमी असेल म्हणून आतापर्यंत जीएसटीचा संबंध आला नसेल. महिन्याला सभासदामागे ७,५०० च्या वर आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर, दोन्ही झालं की सोसायटीला पण जीएसटी लागतो. पाच हप्त्यांत वन बीएचकेला ११ हजार महिना आणि ३३ लाख जमा, म्हणजे दोन्ही ओलांडलं की नाही हा प्रश्न येणार. हप्ते कसे पाडायचे, दोन आर्थिक वर्षांत विभागायचे का, का नोंदणीच करून कॉन्ट्रॅक्टरला दिलेला टॅक्स वळता करून घ्यायचा, हे नोटीस छापायच्या आधी सीएसमोर बसून ठरवा.

चौथा_मजला_पुणे

कोटेशन उघडून बघितलं. 'टॅक्सेस एक्स्ट्रा' आहे. उद्या सीएकडे जातो, नोटीस थांबवलीये.

फक्त_वाचतो

मी म्हटलं होतं, बंगला.